शिंगाचं माप

आमचे शेजारी नाना चहात साखर चमच्याने घालत नाहीत. बंदुकीची दारू मोजायच्या मापाने घालतात. बैलाच्या शिंगाचं, बोटभर माप. ते धुतलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. पाहुणा अंगाने बारीक असेल तर एक माप, आडवा असेल तर दोन. "हरणले एक, डुकरले दोन," हा नानांचा हिशोब. साक्रीकडच्या या गावात मी मास्तर म्हणून बदलून आलो, तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एकच माप टाकलं.

नानांकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक आहे. नळीच्या तोंडातून आधी दारू, मग गोळी, मग गजाने ठासायचं. या विषयावर नाना सुरू झाले की ओट्यावरचं माणूस जेवणवेळेपर्यंत सुटत नाही. शिशाच्या गोळ्या तळहातावर घोळवत सांगतात, "गोळी भारी नि दारू कमी, मंग हरण हसस. दारू जास्ती, मंग आपला खांदा रडस." हरणाची शिकार कधीच बंद झाली, हे मी एकदा सांगून पाहिलं. "मास्तर, शिकारना इषय कोठे शे? मापना इषय शे!" म्हणत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

रोज सकाळी मात्र एकच प्रश्न. "मास्तर, काल बार ऐकू उना का?"

त्यांचं शेत डोंगराच्या पायथ्याशी. तिन्हीसांजेला तिथून निघताना ते एक बार काढतात. ऐकू आला म्हटलं तरी चेहरा काही खुलायचा नाही. अलीकडे तर आवाजाने आमची भांडी हादरायची. म्हातारा आपल्या दारूची फुशारकी मारतोय, असंच मला वाटायचं.

एका संध्याकाळी मी त्यांच्या शेतात गेलो. बांधाकडेला हरणं हरभरा खात होती. नानांनी दोन मापं दारू ओतली, चिंधी ठासली आणि नळी आभाळाकडे धरली.

"नाना, गोळी?"

"गोळी कसाले? भूकच लागनी शे त्यासले."

बार झाला. हरणं उधळली. नाना मात्र गावाकडे कान लावून उभे राहिले.

"तुमनी नानी व्हती जवय, एक मापनाच बार काढू," ते म्हणाले. नानी म्हणजे त्यांची बायको, गेल्या उन्हाळ्यात वारली. "तिले समजे, बुढा निंघना. ती थाळी वाजाडे, मंग तव्यावर भाकर टाके. आते थाळी वाजत नही. म्हनून दारू वाढाई." मग स्वतःच हसले. "येडा नही मी. समजस मले. पन हात ऐकत नही."

मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बार झाला तसा मी पितळी ताट घेऊन गच्चीवर चढलो आणि पळीने बडवत सुटलो. बायको खालून ओरडत होती, समोरची माणसं ओट्यावर आली. मी थांबलो नाही.

सकाळी नानांनी काहीच विचारलं नाही. नुसता चहा पुढे केला.

संध्याकाळी पुन्हा बार झाला. आमची भांडी हादरली नाहीत. एका मापाचाच होता. मी ताट उचललं.