लोखंडवाल्याची सफरचंदं

सांगा पाहू, माणसाने भरवसा ठेवावा तरी कोणावर? फळवाल्यावर, पेपरवाल्यावर की अळीवर? आमच्या शेजारच्या लोखंडवाल्याने अळीवर ठेवला.

त्याची लेक दिवस गेल्यावर चार दिवस राहायला आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला रोज फळं खायला सांगितली, आणि नेमकं तेव्हाच तिने पेपरात फळांवरच्या विषारी फवारणीबद्दल वाचलं. झालं. फळ समोर आलं की बशी सरकवायची. "बाबा, माझं सोडा, पण बाळाला काही झालं तर?" एवढंच म्हणाली, आणि बाप पिशवी शोधायला उठला.

आता हा गृहस्थ जन्मभर खिळे नि बिजागऱ्या विकत आलेला. त्याचं शास्त्र एकच : गंज चढला म्हणजे लोखंड खरं. तेच त्याने फळांना लावलं. अळी जगली, म्हणजे विष नाही! बाजारात जाऊन त्याने किडकी सफरचंदं तेवढी निवडून मागितली. फळवाल्याने आधी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागची अख्खी टोपली पिशवीत उपडी केली आणि वर 'पुन्हा या शेठ' म्हणाला (का नाही म्हणणार?).

घरी पहिलंच सफरचंद कापलं, तर आतली मालकीण बाहेर डोकावली. लेकीने तोंडावर हात धरला. तिची खात्री पटावी म्हणून बापाने कचकन मोठा घास घेतला, चावता चावता थबकला, आणि हातातल्या फळाकडे पाहिलं. मालकीण अर्धीच उरली होती.

"अहो," बायको शांतपणे म्हणाली, "अळी आत शिरल्यावर वरून कोणी फवारलंच नाही, हे तुम्हाला अळीने सांगितलं का?"

त्याला गिळवेना आणि थुंकवेना. लेक मात्र कितीतरी दिवसांनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. ती हसतेय तोवर आईने घरातलं एक चांगलं सफरचंद नळाच्या धारेखाली चोळून धुतलं, साल काढली आणि फोड तिच्या हातात दिली. "सगळं जात नाही, पण बरंचसं जातं. उपाशी राहण्यापेक्षा बरं ना? आज हे, उद्या दुसरं काही."

लेकीने फोड खाल्ली. मग दुसरी मागितली. चूळ भरायला गेलेला बाप तोंडात पाणी तसंच धरून दारात बघत उभा राहिला.

पुढे गुटगुटीत नात झाली. श्रेय कोणाचं, यावर त्या घरात अजून वाद आहे. तर मंडळी, तुम्ही तरी हिशेब प्रामाणिकपणे मांडा : फोडी आईच्या नावावर, हसू बापाच्या. आणि अर्धी अळीही त्याच्याच खात्यात धरा. ती साल होती, असं तो अजून म्हणतो.