खाल्लेला पुरावा

परुळेकरांना ‘चहा कसा झालाय?’ असं चुकूनही विचारू नये. ते कप खाली ठेवतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "कशाच्या तुलनेत?"

म्हणजे कालच्या चहाच्या तुलनेत, की देशपांड्यांकडच्या, की परवा देवळात कागदी पेल्यातून मिळाला होता त्याच्या? आपण उत्तर शोधेपर्यंत चहा गार होतो. मग ते एक घोट घेतात आणि जाहीर करतात, "गार आहे. एवढं पुराव्यानिशी सांगू शकतो."

या एका प्रश्नाने त्यांनी आमच्या टेक्सासमधल्या अर्विंगच्या कित्येक यजमानांचे चेहरे पाडले आहेत. स्वतःचं लग्नही घालवलं. तरुणपणी वेंगुर्ल्याजवळ कुठेतरी मुलगी बघायला गेले होते. पोहे झाल्यावर मुलीच्या मामांनी विचारलं, "मग, कशी वाटली आमची मुलगी?" त्यावर हे काय म्हणाले असतील ते मी सांगायला नको. आज ते एकोणसत्तर वर्षांचे आहेत आणि चार घरं सोडून एकटेच राहतात. माझ्या यजमानांचे मित्र, म्हणून मी त्यांची वैनी. यजमान गेले, पण ‘वैनी’ चालू आहे.

माणूस बसत नाही. जेवतात उभ्याने, बोलतात फेऱ्या मारत. गेल्या गणपतीत आरती चालू असताना हे एका हाताने टाळी वाजवत होते, म्हणजे स्वतःच्या मांडीवर. दुसऱ्या हातात फोन. फोनवर समुद्राचा नकाशा आणि त्यात मुंगीएवढी एक बोट. ‘घालीन लोटांगण’ला सगळे गोल फिरले तेव्हा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, निघाली! तीन दिवस आधीच निघाली!" मला वाटलं कुणाची तरी सून माहेरी निघाली.

ती काजूबियांची बोट होती. आफ्रिकेतून निघालेली.

आता हे प्रकरण मला समजायला बारा वर्षं लागली आहेत, तेव्हा तुम्हालाही जरा दम धरावा लागेल. परुळेकर इथल्या एका टेलिफोनच्या कंपनीतून निवृत्त झाले आणि एका छोट्या संस्थेचं काम करायला लागले. आफ्रिकेतला माल कुठे जातो, कोण घेतं, त्याच मालाचं तिथल्या तिथे काही बनवलं तर ते जगाच्या बाजारात टिकेल का, याचे पुरावे जमवायचे आणि तिथल्या लोकांना वेळेवर कळवायचे. इंग्रजीत या कामाला ‘स्ट्रॅटेजिक इंटेलिजन्स’ म्हणतात.

आणि इथेच मी गाढवपणा केला. इथल्या मराठी मंडळाच्या अंकात नव्या सभासदांची ओळख छापायची होती आणि अंकाची संपादक मी. तेव्हा मी जेमतेम चौसष्टची, अक्कलदाढ यायची होती. एकही इंग्रजी शब्द छापायचा नाही असा माझा बाणा. सरकारी शब्दकोश काढला, पदर खोचला आणि छापलं: ‘श्री. परुळेकर, सामरिक गुप्तवार्ता तज्ज्ञ, आफ्रिका विभाग.’

झालं. सगळ्या अर्विंगने ठरवलं की परुळेकर हेर आहेत. निम्मी माणसं त्यांच्यासमोर पगाराबद्दल बोलेनाशी झाली. उरलेल्या निम्म्यांनी त्यांना मुलींसाठी आलेल्या स्थळांची चौकशी करायला सांगितली. "मुलगा तिकडे उत्तरेत नोव्हायला गाड्यांच्या कंपनीत आहे म्हणतो," एक बाई फोनवर कुजबुजल्या, "जरा आतून बघता का?" परुळेकरांनी त्यांना दोन पानी फॉर्म पाठवला. मुलगा ‘चांगला’ म्हणजे कशाच्या तुलनेत, ते आधी भरून द्या.

मला ते फक्त एवढंच म्हणाले, "वैनी, तुमचा शब्द बरोबर आहे. माणूस चुकला." अजून मला कळलेलं नाही, चुकलेला माणूस ते की मी.

तशी आफ्रिकेच्या बाबतीत मी आधीपासूनच विद्वान. चाळीस वर्षांपूर्वी या देशात आले आणि लायब्ररीत नोकरी धरली, तेव्हा शेजारच्या टेबलावर घानाची एक बाई होती. मी अगदी प्रेमाने तिला विचारलं, "आमच्या यजमानांचे मामा नैरोबीला असतात. तुम्ही ओळखत असाल ना?" ती म्हणाली, "अर्थात. आणि तुम्ही बीजिंगच्या माझ्या मैत्रिणीला ओळखत असाल. तीही आशियातलीच." मी घरी येऊन नकाशा उघडला आणि तीन दिवस तिच्याशी नजर भिडवली नाही. एम.ए. झाले होते मी!

तर यंदाच्या जुलैची गोष्ट. टेक्सासचा जुलै म्हणजे बाहेर ठेवलेली पोळी पुन्हा भाजली जाते. त्यात परुळेकरांचा एसी बंद पडला, आणि मेकॅनिक दहा दिवस येणार नव्हता. हे तीन प्लास्टिकचे डबे छातीशी धरून माझ्या दारात. एकाचं झाकण लाल, एकाचं निळं, एकाचं पिवळं. तिन्हींत काजूगर.

"वैनी, फ्रिजमध्ये जागा करा. आणि हात लावू नका."

"एवढं काय सोनं आहे त्यात?"

मग ते माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारायला लागले आणि मला सगळं सांगितलं. टांझानियाच्या दक्षिण किनाऱ्यावर एक गाव आहे. तिथे काजू फोडायचा एक लहानसा कारखाना, सगळ्या बायकाच. एका डब्यातले गर त्यांनी फोडलेले. दुसऱ्यातले दुसऱ्या देशातल्या मोठ्या कारखान्यात यंत्राने फोडलेले. तिसरे इथल्या दुकानातले. तिथलं काजू मंडळ गुरुवारी ठरवणार होतं, की बायकांचा कारखाना चालू ठेवायचा, की तो बंद करून बी तशीच्या तशी बोटीत भरून बाहेर पाठवायची.

"बी बोटीत चढली ना वैनी, की तिच्याबरोबर बायकांचं कामही बोटीत चढतं. ते परत येत नाही. गर यंत्राच्या तोडीचा आहे, हे मला दाखवायचंय. अख्खे किती, तुकडे किती, ते मोजून झालं. आता दहा माणसांना न सांगता तिन्ही द्यायचे आणि विचारायचं. रविवारनंतर करू."

रविवारी माझ्याकडे वीस माणसं जेवायला होती. नात ईशा ग्रॅज्युएट झाली त्याचं जेवण. जेवण म्हणजे मसालेभात. माझ्याकडे कुठलाही प्रसंग असो, बारसं की बारावं, मसालेभातच असतो. भात शिजत आला आणि लक्षात आलं, काजू आणायचे राहिले. दुकान वीस मिनिटांवर, पाहुणे दारात.

मी फ्रिज उघडला. वाटलं, मूठभर घ्यावेत. मग वाटलं, मूठभर घेतले तर डबा अर्धा दिसेल आणि चोरी कळेल. तेव्हा लाल डबा सगळाच रिकामा केला. माझं तर्कशास्त्र हे असं. वयाने त्यात काही सुधारणा झालेली नाही.

सोमवारी सकाळी परुळेकर भिंग घेऊन हजर.

"लाल डबा?"

"मसालेभातात," मी म्हटलं.

ते स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेले, परत आले, पुन्हा गेले. चौथ्या फेरीला फ्रिजच्या दाराला हात टेकून उभे राहिले. "वैनी, तो रेहेमाबाईंचा डबा होता. टांझानियातल्या त्या बायकांचा. दुसरा मागवायला वेळ नाही. गुरुवारी बैठक."

ईशा सोफ्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती किंचाळली, "आजी! यू एट द डेटा!"

"मी एकटीने नाही खाल्ला. वीस जणांनी खाल्ला."

परुळेकर वळले. "शिळा भात आहे?"

वाडगाभर होता. मी काढून दिला. आणि मग मी आयुष्यात पाहिलं नव्हतं असं दृश्य पाहिलं. एक एकोणसत्तर वर्षांचा माणूस भुवया कोरायच्या चिमट्याने (ईशाच्या) मसालेभातातून काजू वेचतोय आणि पुटपुटतोय, "अख्खो. अख्खो. ही पाकळी, पण ही वैनीच्या डावाने मोडलेली." चिडले किंवा घाबरले की ते मालवणीत शिरतात.

"त्यांचा काही उपयोग होईल?" मी भीत भीत विचारलं.

"शिजलेल्या पुराव्याचा काय उपयोग?"

माझा चेहरा पडला. तिकडे कोण कुठल्या बायका, आणि त्यांचं काम माझ्या भाताने गेलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "तरी मला वाटलंच. काल चौघांनी विचारलं, या वेळचे काजू कुठून आणलेत म्हणून. तीस वर्षांत कधी कुणी विचारलं नाही."

ईशाने मान वर केली. "वेट. त्यांना माहीत नव्हतं काजू कुठलेत?"

"मलाच कुठे माहीत होतं?"

"परुळेकर काका, दॅट्स अ ब्लाइंड टेस्ट!"

"ब्लाइंड टेस्ट कसली?" परुळेकर तडकले. "चांगले लागले, पण कशाच्या तुलनेत?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या प्रश्नाचं उत्तर येत होतं. "अहो, तीच माणसं तीस वर्षं माझा तोच भात खातायत दुकानातले काजू घालून! त्याच्या तुलनेत!"

परुळेकरांचा चिमटा हवेतच राहिला.

मग दोन दिवस आमच्या घरात कोर्ट भरलं. परुळेकरांनी वीसच्या वीस जणांना फोन केले. "रविवारच्या भातात काजू अख्खा लागला की तुकडा? दाताखाली करकरला की मऊ होता? नाही, भाताबद्दल विचारत नाहीये." एका पुणेकर काकांनी लेखी जबाब पाठवला, दीड पानांचा. त्यातलं सव्वा पान माझ्या मिठाच्या हाताबद्दल होतं, पण खाली काजूंसाठी दोन चांगल्या ओळी होत्या. ईशा सगळं तक्त्यात भरत होती. मला फोनला हात लावायला बंदी. साक्षीदार फुटतील म्हणून.

"हे असंच लिहिणार?" मी विचारलं. "माझं नाव नको बाई."

"जे झालं ते लिहिणार. लपवलं तर बाकीचं कोण खरं मानेल?"

गुरुवारी सकाळी साडेसहाला माझ्याच डायनिंग टेबलावरून ती बैठक झाली. तिकडे दुपार होती. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी टेबलाच्या कोपऱ्याला बसले. अध्यक्ष म्हणून एक जाडजूड, गंभीर गृहस्थ होते. वाचता वाचता ते थांबले, आणि इंग्रजीत मोठ्याने वाचलं, "पहिल्या नमुन्याची पुढील तपासणी होऊ शकली नाही, कारण तो टेक्सासमधील एका कुटुंबाने खाल्ला." त्यांनी वर पाहिलं.

"सगळा?"

"सगळा, सर."

पडद्यावरची बाकीची सहाही माणसं हसली. गृहस्थ हसले नाहीत. त्यांनी पुढचं पान उलटलं, मोजणीचे आकडे पाहिले, पुन्हा मागे येऊन आमच्या वीस साक्षी पाहिल्या. बराच वेळ पाहिल्या. परुळेकर टेबलाखाली माझ्या खुर्चीला लाथा मारत होते, त्यांना वाटत होतं तो टेबलाचा पाय आहे.

कारखाना या हंगामात चालू ठेवायचा असं ठरलं. पुढचं पुढच्या वर्षी बघू. तसं पत्र कार्यालयातून जाईल.

मी टाळ्या वाजवणार, तोवर परुळेकर फोन लावत होते.

"अहो, पत्र जाणार आहे ना?"

"जाणार. आधी जिल्ह्याला, मग साहेबाला, मग मुकादमाला. बायकांना सगळ्यांत शेवटी कळणार." फोनची रिंग जात होती. ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "आमच्या गावाकडे बी आफ्रिकेतूनच यायची. बोटीने. आई कारखान्यात काजू फोडायला जायची. एक वर्ष बोट येणार नव्हती. शेटला ठाऊक होतं, बंदरातल्या कारकुनाला ठाऊक होतं. आई सकाळी गेली तर फाटकाला कुलूप. डबो तसोच परत इलो."

तिकडून फोन उचलला गेला.

"हबारी, मामा रेहेमा," परुळेकर म्हणाले. त्या भाषेत भेटल्यावर आधी ‘काय खबर’ असंच विचारतात आणि ‘मामा’ म्हणजे आई, हे त्यांनी मला मागे सांगितलं होतं. पुढचं मोडक्या स्वाहिलीत आणि मोडक्या इंग्रजीत. मला एवढं कळलं, की ते त्यांना सगळ्यांना बोलवायला सांगत होते. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना. झाडणारीला, पाणी भरणारीलाही. फोन मधे ठेवा. सगळ्यांनी एकदम ऐका.

खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. मग परुळेकरांनी एकच वाक्य सांगितलं.

पलीकडून जिभेवर नाचवलेला असा एक लांबलचक आवाज उठला, की ईशा पायऱ्या उतरून धावत आली. हसणं, ओरडणं, कुणीतरी गाणं सुरू केलं, कुणीतरी रागावून बंद करवलं. मग हळूहळू सगळं विरलं, आणि फोनमधून दुसराच आवाज यायला लागला. खट्. खट्. खट्.

"कामाला लागल्या वाटतं," मी म्हटलं. "फोन बंद करायला विसरल्या. ठेवा आता."

त्यांनी ठेवला नाही. फोन टेबलावर टेकवला आणि त्याच्यावर वाकून बसले.

"रांगेत एक नवीन आहे," थोड्या वेळाने म्हणाले. "ऐका. बाकीच्यांचा घाव पडला, की मग तिचा पडतो."

मला तर सगळे घाव सारखेच ऐकू येत होते. ईशालाही. आम्ही दोघी आपल्या बसून राहिलो. खिडकीत ऊन चढत होतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

"आता जमलं तिला," म्हणाले.