निसलेलं विमान

मनोहररावांचा हिशेब अगदी सरळ होता. एक विमान जोडायचं आणि सिरोंच्याची बदली टाळायची. विमानाला लागणार होते फार तर पंधरा दिवस. सिरोंच्याला गेलं तर तीन वर्षं. शिवाय नागपुरात राहिलं की नंदनवन वस्तीतलं दोन खोल्यांचं घर राहतं, ओळखीचा किराणावाला राहतो, आणि वीस वर्षांत बसून बसून आपल्या आकाराची झालेली ऑफिसातली खुर्चीही राहते. सिरोंच्याला पावसाळाभर रस्ता बंद, आणि टपाल होडीवाल्याच्या मर्जीवर. म्हणजे जमेच्या बाजूला सगळं आणि खर्चाच्या बाजूला नुसता डिंक. असा सौदा माणसाला आयुष्यात एकदाच मिळतो, आणि मिळाला की त्यानं जरा घाबरायला हवं. मनोहरराव घाबरले नाहीत.

साल पंचाहत्तरचं, महिना मे. बांधकाम खात्याच्या त्या कचेरीत मनोहरराव ड्राफ्ट्समन होते. बदल्यांची यादी बारलिंगे साहेबांच्या टेबलावर पडलेली होती आणि तिच्यात मनोहररावांचं नाव पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. यादीशेजारी हातभर लांबीचं एक खोकं होतं. खोक्यावर ढगांतून सूर मारणाऱ्या लढाऊ विमानाचं रंगीत चित्र.

"स्पिटफायर," साहेब हलक्या आवाजात म्हणाले, जसं कुणी मुलीचं नाव घ्यावं. "दुसऱ्या महायुद्धातलं. भाच्यानं लंडनहून पाठवलं. सगळं प्लास्टिकचं, पण आतलं इंजिनसुद्धा दिलंय. माझे हात आता थरथरतात हो. तुमच्यासारखी रेघ या ऑफिसात कुणाची नाही."

"जी साहेब."

"यादी तीस तारखेला मुंबईला जाते," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असल्याचं त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही. ते त्यांच्या हुद्द्याला शोभणारं होतं.

आता दुसरा कुणी असता तर घरी जाऊन खोकं उघडून कामाला लागला असता. पण वीस वर्षं सरकारी नकाशे काढलेला माणूस कामाला लागण्याआधी कामाची तयारी करतो. खोक्यात प्लास्टिकच्या पाच-सहा चौकटी होत्या, आणि कैऱ्या झाडाला लागाव्यात तसे विमानाचे दीडशेवर तुकडे त्या चौकटींना लागलेले होते. प्रत्येक तुकड्याशेजारी, चौकटीच्या दांडीवर, बारीक नंबर. सोबतच्या कागदावर सूचना: सत्तेचाळीसला अठ्ठेचाळीस चिकटवा, मग एकोणपन्नास. मनोहररावांनी नवीन रजिस्टर आणलं, रकाने आखले, आणि पाच दिवस नुसत्या नंबरांची नोंद केली. एकही तुकडा तोडला नाही. सुरुवात करायची ती अक्षय्य तृतीयेलाच, असं त्यांनी ठरवलं होतं.

"अजी, सुरू कधी करता?" प्रेमिलाबाई विचारायच्या.

"करून राहिलो ना. तुकडे मोकळे करायचे, घासून साफ करायचे, त्याच्यातच चार दिवस जातात. घाई नाई चालत ह्याच्यात."

हे वाक्य त्यांनी बायकोसमोर उच्चारलं, इथं चूक झाली. नवऱ्याचे चार दिवस वाचत असतील तर प्रेमिलाबाई हात बांधून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी मनोहरराव ऑफिसातून घरी आले, तर ओसरीवर चार ताटं ओळीनं मांडलेली. एकात मोठे तुकडे, दुसऱ्यात मधले, तिसऱ्यात गोल, आणि चौथ्यात सगळा बारीक चुरा. प्रेमिलाबाई आणि शेजारच्या रुखमाबाई पदरानं वारा घेत कौतुकाची वाट बघत होत्या. दुपारी सगळ्या बायका मिळून कधी तुरीच्या शेंगा सोलत, कधी मेथी निसत. आज त्यांनी विमान निसलं होतं.

"दोन घंट्यात केलं पाहा," प्रेमिलाबाई म्हणाल्या. "एकही तुकडा मोडला नाई. गरम पाण्यानं धुऊनही घेतले."

मनोहररावांनी चौथ्या ताटातला चुरा बोटानं सारून पाहिला. मग तोंडातून निघालं ते एवढंच:

"चौकटी कुठं आहेत?"

"त्या काड्या? तुळसाबाई भांडेवाली आली होती, तिले देल्ल्या. कपडे नको म्हणे, प्लास्टिक दे. मस्त गाळणी देल्ली वं तिनं, नाई?"

"एक नंबर गाळणी," रुखमाबाईंनी साक्ष दिली.

"त्या काड्यांवर नंबर होते!" मनोहरराव खाली बसले. "तुकड्यावर नाई, काडीवर! आता सत्तेचाळीस कोणता आन् अठ्ठेचाळीस कोणता, हे मी कोणाले विचारू?"

"तर मग तुकड्यावर काहून नाई लिहिले त्या लोकायनं?" रुखमाबाई म्हणाल्या. "भाजी फेकाची का देठ फेकाचं?"

दोन दिवस सायकल हाणून मनोहररावांनी तुळसाबाईला शोधलं. ती महाल भागात सापडली, पण चौकटी तिनं भंगारवाल्याला दिल्या होत्या, भंगारवाल्यानं कळमेश्वरच्या कारखान्याला. सिरोंचा टाळणाऱ्या त्या नंबरांच्या तोपर्यंत बहुधा बादल्या झाल्या होत्या.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, "काय मनोहरराव, कुठवर आलं?"

खरं सांगायची वेळ ती हीच होती. पण वीस वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप चालली. "सुरुवात समाधानकारक आहे साहेब."

दुसऱ्या दिवशी पंख लागले. तिसऱ्या दिवशी शेपूट. इकडे ताटांतला एक तुकडा दुसऱ्याला चिकटलेला नव्हता, आणि तिकडे साहेबांच्या खोलीत विमान पंचाहत्तर टक्के पूर्ण झालं. खात्याचे काही पूलही असेच पूर्ण होत असत, त्यामुळे मनोहररावांना त्यात वावगं वाटलं नाही. फरक इतकाच की पूल बघायला सहसा कुणी येत नसे.

"वा!" साहेब म्हणाले. "मग रविवारी येतोच मी बघायला."

मनोहररावांनी तीन दिवसांची रजा टाकली. त्यांच्या टेबलावर रस्त्याखालच्या एका मोरीचा नकाशा अर्धा राहिला होता. शेजारच्या टेबलावरचा शालिकराम, नवीन लग्न झालेला, सदा हसतमुख पोरगा, म्हणाला, "जा ना भाऊ, मी करतो तुमचा नकाशा. तब्येत सांभाळजा." मनोहररावांनी पोट दुखत असल्याचं सांगितलं होतं, आणि एव्हाना ते खरंच दुखायला लागलं होतं.

गुरुवारी सकाळी ते रजिस्टर उघडून ताटांसमोर बसले. दुपारपर्यंत रजिस्टरातला शेवटचा रकाना कोरडा आणि माणूस घामानं ओला. शेवटी रुखमाबाईंना राहवलं नाही. त्या गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवत.

"सरका बरं भाऊजी. हे पंखच आहेत ना? मंग नंबर काहाले पाहिजे? बाही उजवी का डावी, ते मुंढ्यावरून समजते. हे पाहा, इकडून गोलाई आहे. हे उजवीचं. हे त्याचं अस्तर."

"अन् ह्या दोन बिया एकाच शेंगेतल्या," म्हणत प्रेमिलाबाईंनी दोन तुकडे जुळवले. टच् आवाज झाला आणि विमानाचं अर्धं पोट तयार झालं.

मनोहरराव बघत राहिले. नंबराशिवाय त्यांना आयुष्यात एक खिळा ठोकता आला नव्हता. या दोघी खाचेत बोट फिरवून सांगत होत्या की कुणाचं घर कुठं. मनोहररावांकडे काम उरलं ते डिंकाची नळी धरायचं. "थोडा कमी लावा जी," प्रेमिलाबाई बजावत. "वरण नाई वाढून राहिले तुमी." मधेच उठून त्या कुकर लावून, वरणाला हळद घालून येत आणि तशाच हातानं पुन्हा बसत. शनिवारी संध्याकाळी विमान चाकांवर उभं राहिलं. पंख, शेपूट, पंखा, काचेखाली बसलेला वैमानिक, सगळं जागच्या जागी. फक्त वाटीभर तुकडे उरले होते.

"हे कशाचे?"

"उरते थोडंफार," रुखमाबाई म्हणाल्या. "कपडाही उरतेच ना."

रविवारी साहेब आले. विमान दिसताच ते चप्पल काढायची विसरले आणि मग तसेच मागे जाऊन काढून आले. चष्मा पुसला. विमान दोन्ही हातांनी उचलून डोळ्यांशी नेलं. हात खरंच थरथरत होते. आणि डाव्या पंखाशी नजर थांबली. डिंकात एक अख्खं बोट उमटलं होतं. पिवळंधमक.

"मनोहरराव, घरी फोडणी तुम्ही देता का?"

मनोहररावांना सिरोंच्याची नदी दिसली, होडी दिसली. त्यांनी तोंड उघडलं, पण आधी दारातून रुखमाबाई बोलल्या.

"थे बोट प्रेमिलाचं आहे साहेब. भाऊजींनी नुसती नळी धरली. पण चांगली धरली हो."

मग सगळंच बाहेर आलं. ताटं, गाळणी, कळमेश्वर. साहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. प्रेमिलाबाई आतून वाटी घेऊन आल्या आणि खालमानेनं म्हणाल्या, "एवढं उरलं जी साहेब. ह्याचं घर सापडलं नाई."

साहेबांनी वाटीत बोट घातलं. एक तुकडा उचलला, दुसरा उचलला.

"वहिनी," ते म्हणाले, आणि आवाज ऑफिसातला राहिला नव्हता, "हे इंजिन आहे."

आणि ते सरळ खाली फरशीवर मांडी घालून बसले. "बेचाळीस-त्रेचाळीसची गोष्ट. सोनेगावच्या विमानतळावर विमानं उतरायची. मी कॉलेज बुडवून सायकलनं जायचो आणि तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहायचो. एखादा मेकॅनिक झाकण उघडेल आणि आतलं दिसेल म्हणून. उन्हात तास न् तास. कुणी उघडलं नाही. मग भरतीला गेलो, तर डोळ्यांत नापास." त्यांनी वाटी जवळ ओढली. "इंजिन राहिलं हे फार बरं झालं. चिकटवून टाकलं असतं तर आत बंद होऊन गेलं असतं. मी दर रविवारी आलो तर चालेल का?"

"या ना जी," प्रेमिलाबाई म्हणाल्या. आणि चहाचं आधण ठेवायला वळता वळता सहज म्हणाव्या तशा म्हणाल्या, "पण आमची बदली झाली तं मंग कसं कराचं?"

साहेबांनी मनोहररावांकडे पाहिलंच नाही. त्यांनी प्रेमिलाबाईंच्या पिवळ्या बोटांकडे पाहिलं. वीस वर्षांची सरळ रेघ त्या एका नजरेत मागे पडली.

सोमवारी यादीतलं नाव खोडरबरानं निघालं. पण सिरोंच्याला एक ड्राफ्ट्समन हवाच होता. यादीत जागा मोकळी ठेवायची पद्धत नव्हती. साहेबांनी मोरीचा नकाशा मागवला. तो वेळेत आणि सुरेख झाला होता. "हा कुणी काढला?" त्यांनी विचारलं. खाली सही नव्हती. मनोहररावांनी प्रामाणिकपणे नाव सांगितलं. त्या महिन्यातलं त्यांचं हे पहिलंच खरं उत्तर.

जूनमध्ये मनोहरराव स्वतः एसटी स्टँडवर सिरोंच्याकडे जाणाऱ्या गाडीपाशी गेले. शालिकरामची ट्रंक त्यांनी टपावर चढवून दिली, बायकोसाठी खिडकीची जागा धरली, संत्र्याच्या बर्फीचा पुडा दिला. एवढं करूनही हात मोकळे राहिले, तेव्हा ट्रंकेची दोरी पुन्हा एकदा ओढून पाहिली.

"काहाले एवढा त्रास घेतला गा भाऊ," शालिकराम खिडकीतून म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. "तुमच्यासारखं माणूस नाई ऑफिसात. विमान लय झकास झालं म्हणते सारे. मले पाहाचंच राहून गेलं. सुटीत आलो का दाखवजा."

"दाखवतो ना," मनोहरराव म्हणाले.

गाडी हलली. हिशेब पुरा झाला होता. साहेबांना तारेच्या आतलं इंजिन मिळालं, प्रेमिलाबाईंना मान, आणि मनोहररावांना नागपूर. पैसे तेवढे भरले शालिकरामनं, आणि पावती म्हणून तो खिडकीतून, गाडी वळेपर्यंत, हात हलवत होता.