चारदा मेलेले सुखदेव टेलर

सुखदेव टेलर पँटचं माप घेताना गिऱ्हाइकाला लाथ मारायला लावतात. मारेगावच्या शाळेत मी नवा रुजू झालो, तेव्हा पँट शिवायला त्यांच्याकडे गेलो होतो. कंबर झाली, उंची झाली. मग गळ्यात टेप अडकवून ते दोन पावलं मागं सरले.

"आता मारा लाथ."

"कोणाला?"

"हवेत मारा, गुरुजी. पाय कुठलोक जाते ते पाहू द्या. नाईतं ऐन टायमावर उसवन."

शिक्षकाच्या आयुष्यात असा ऐन टाइम कोणता येणार, मला कळेना. पण मारली. समोरच्या पानठेल्यावर चौघांनी टाळ्या वाजवल्या.

या सवयीचं मूळ एका सिनेमात आहे. त्याचं नाव 'पोलादी लाथ'. पुसदकडच्या एका लग्नाच्या शूटिंगवाल्यानं तो काढला. सलग दुसऱ्या साली कापूस बुडाला होता, त्यामुळे लग्नं कमी आणि कॅमेरा रिकामा. कापसाची जिनिंग मिल बंद, म्हणून तिचं शेड रिकामं. माणसं तर रिकामी होतीच. एवढ्या रिकामपणातून एक कराटेपट उभा राहिला. हिरो एका दवाखान्यातला कंपाउंडर. सकाळी मुलांना कराटे शिकवायचा. सगळे कपडे सुखदेवभाऊंनी शिवले आणि गुंडाचं कामही केलं.

गुंड सहाच होते. पण हिरोनं शंभर तरी मारायला हवेत, असं दिग्दर्शकाचं मत. म्हणून मेलेला गुंड उठायचा, मिशी बदलायचा आणि पुन्हा मरायला यायचा.

"मी या पिक्चरमंदी चारदा मेलो, गुरुजी," सुखदेवभाऊ सांगतात, "पन दर खेपेले येगळा मेलो."

मी हा सिनेमा त्यांच्या घरी अकरा वेळा पाहिलाय आणि पूर्ण जबाबदारीनं सांगतो, की असा सिनेमा पुन्हा होणे नाही. हिरो आणि खलनायक, दोघांचेही संवाद शूटिंगवाल्याच्याच आवाजात आहेत. त्यामुळे शेवटच्या भांडणात एकच माणूस स्वतःला धमकी देतो आणि स्वतःच घाबरतो. ठोशाचा आवाज ओलं धोतर दगडावर आपटून काढलेला आहे. म्हणून हिरो चिडला, की जवळपास कुठेतरी धुणं चाललंय असं वाटतं. एका मारामारीच्या मधोमध एसटी येते. हिरो आणि गुंड बाजूला होऊन तिला जाऊ देतात आणि पुन्हा भिडतात. इतकी शिस्त मला मोठ्या सिनेमांत दिसली नाही.

सुखदेवभाऊंना मात्र यातलं काही दिसत नाही. हिरोनं पाय उचलला, की ते पडद्याला बोट लावतात. "हे पाहा! इथं पाहा! फाटली काय? नाई फाटली. टाका पाहा, टाका!" सबंध सिनेमात एकही पँट उसवत नाही, हेच त्यांच्या मते सिनेमाचं यश.

या माणसाला मी बरीच वर्षं निव्वळ गमतीचा समजत होतो. मग प्रल्हादभाऊंची गोष्ट घडली.

प्रल्हादभाऊ माझे शेजारी, आमच्या घरांमधली भिंत एकच. माणूस मोठ्या आवाजाचा. त्यांनी बैलाशी काय बोलणं केलं, तेसुद्धा मला घरात कळायचं. त्या साली दुबार पेरणी वाया गेली आणि भिंतीपलीकडचा आवाज थांबला. ते भिंतीला टेकून नुसते बसून राहायचे. त्यांच्या पत्नी शांताबाई टेलरच्या दुकानात ब्लाउज घ्यायला गेल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "पाच दिस झाले, ते बोलूनच नाई राह्यले."

त्याच दिवशी दुपारी चारला सुखदेवभाऊ सायकलच्या कॅरिअरवर टीव्ही बांधून हजर झाले. हँडलला सीडी प्लेअरची पिशवी. "प्रल्हाद, पिक्चर पाहू," म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता लावलासुद्धा. मीही जाऊन बसलो. अर्ध्यावर आलो आणि टीव्ही बंद पडला.

"लाइन गेली," सुखदेवभाऊ म्हणाले. "उरलेला उद्या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सिनेमा पहिल्यापासून लावला. म्हणे, मधूनच पाहिला तर लिंक तुटते. आदल्या दिवसापेक्षा थोडा पुढं गेला आणि पुन्हा लाइन गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत कोणाला काय नवल वाटणार? चौथ्या दिवशी लाइन गेली म्हणून मी घरी परतलो तर माझा पंखा फिरत होता.

पाचव्या दिवशी मी पडद्याकडे न बघता सुखदेवभाऊंकडे बघत बसलो. ते विजेच्या बोर्डाला पाठ लावून बसले होते. हिरो शेडवर चढायला निघाला, तसा त्यांचा हात हळूच मागं गेला आणि टीव्हीची पिन बाहेर आली. माझ्याकडे बघून त्यांनी नुसती मान हलवली. "लाइन गेली," मीच म्हणालो.

नवव्या दिवशी हिरोनं जमिनीवरून शेडच्या छपरावर झेप घेतली आणि कोपऱ्यातून घोगरा आवाज आला.

"सुखदेव, ते कोंबडी उलटी काहून चालून राह्यली?"

आम्ही दचकून प्रल्हादभाऊंकडे बघितलं. मग पडद्याकडे. झेप म्हणजे खाली मारलेली उडी उलटी फिरवलेली, आणि मागं एक कोंबडी तुरुतुरु शेपटीच्या दिशेनं चालली होती! सुखदेवभाऊ पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"आरं बापा! हे मले कधी दिसलीच नाई!"

"तू पँटाच पाह्यत असशीन," प्रल्हादभाऊ म्हणाले आणि हसले. हसता हसता खोकले. शांताबाई चहाचे कप घेऊन दारात आल्या होत्या, त्या तिथेच उभ्या राहिल्या. त्या दिवशी लाइन गेली नाही. सिनेमा शेवटपर्यंत झाला.

परतताना मी सायकलवरचा टीव्ही धरून चाललो होतो. विचारलं, "हे तुम्हाला सुचलं कसं?"

सुखदेवभाऊंनी दुकानाशी सायकल लावली, टीव्हीची दोरी सोडली. मग म्हणाले, "मोठा भाऊ होता माया. उमरखेडकडे शेती करे. दिवाईच्या आंधी फोन आलता त्याचा. म्हने, 'ये ना, बसू जरासाक.' मी म्हनलं, शिवायचे कपडे पडले हायेत, आठ दिसानं येतो."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. शेतकरी कसा गेला, हे आमच्याकडे त्या वर्षांत कोणी विचारतही नसे.

टीव्ही आत ठेवून ते मशीनवर बसले. मी पायरीवरून निघणार तोच मशीन चालू झालं. वळून बघितलं तर सुईखाली कापडच नव्हतं. ते खाली मान घालून नुसतं पायडल मारत होते.

मी चपला काढल्या आणि आत जाऊन बाकावर बसलो.