आणा, मा, पावली

"कर्नाटकात गुप्तहेर दोन प्रकारचे," भगवंतराव नव्या माणसाला सांगत. "एक पोलिसांतले आणि एक मी. त्यांना पुरावा लागतो. मला आजवर लागला नाही."

यात खोटं काही नव्हतं. त्यांना आजवर केसच मिळाली नव्हती.

त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर बेंगळुरात आले आणि त्यानंतर घराण्यातलं कोणी फारसं हललं नाही. भगवंतराव तर खुर्चीतूनही हलत नसत. बायको पवित्रा हेब्बाळला नोकरी करी, त्यावर शिवाजीनगरातलं घर चाले. तिचा भाऊ नागराज निपाणीहून नोकरी शोधायला आला होता. तोवर दाजींनी त्याला साहाय्यक म्हणून नेमलं. तेव्हापासून नागराज दुप्पट जोमानं नोकरी शोधत होता.

त्या मंगळवारी भगवंतराव उशिरा उठले, तर आई घरात नव्हती. रत्नाबाईंनी सत्तरी ओलांडली होती. न सांगता त्या कोपऱ्यावरच्या दुकानातही जात नसत. फोनही लागेना. नागराजच्या मोबाइलवर मात्र त्यांचा निरोप पडला होता. बसच्या भोंग्यांत अर्धाअधिक बुडालेला.

"...आणा... मा... पावली..." मग भोंगा, मग "...दम..." आणि शांतता.

"दाजी, पोलिसांत जाऊ या."

"पोलिस शेवटी माझ्याकडेच येणार. हेलपाटा कशाला?" भगवंतरावांनी डोळे मिटले. "ही सगळी जुनी नाणी आहेत. आणा म्हणजे रुपयाचा सोळावा भाग. अणुवरून आलाय म्हणतात, अणु म्हणजे बारीक. पावली म्हणजे पाव रुपया. आता पाव कशावरून? पाद, म्हणजे पाय. जनावराचे पाय चार, त्यातला एक म्हणजे पाव. आणि दम म्हणजे दमडी. ती थेट ग्रीकांच्या द्राख्मावरून आली. ग्रीक, नागराज. प्रकरण परदेशात पोचलंय."

"आणि 'मा'?"

"मा म्हणजे आई. तिला ओलीस ठेवलंय. गुन्हेगार हिंदी बोलणारा आहे."

"पण आवाज आईंचाच आहे."

"तिच्याकडूनच वदवून घेतलाय."

नागराजनं निरोप पुन्हा लावला. आई घाबरलेल्या वाटत नव्हत्या. खरं तर त्या खुशीत होत्या. तसं त्यानं बोलून दाखवलं, तेव्हा दाजींनी त्याच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"थांब. 'आणा' हे नाणं नाहीच. ती आज्ञा आहे. आणा, म्हणजे घेऊन या. काय आणा? पावली."

"चार आण्यांसाठी आईंना कोण पळवेल?"

"तीच तर मेख आहे. चार आणे चलनातून कधीच गेले. म्हणजे खंडणी देताच येऊ नये अशी मागितलीय." भगवंतरावांचा आवाज आदरानं दबला. "केवढं थंड डोकं असेल."

मग त्यांनी आत पाहिलं. स्वयंपाकघरात आईनं त्यांच्यासाठी झाकून ठेवलेली कॉफी निवून गेली होती.

"नागराज," ते हळूच म्हणाले, "ती अशी कधी गेली नाही रे."

एवढं एकच वाक्य नागराजला खरं वाटलं. तो चप्पल घालून बस स्टँडवर बघून यायला निघाला, तेवढ्यात बेल वाजली.

दारात पन्नाशीच्या एक बाई उभ्या होत्या. भगवंतरावांनी त्यांना आत घेऊन दार लावलं आणि स्वतः दाराला पाठ लावून उभे राहिले.

"नाव?"

"संयोगिता."

"म्हणजे हा योगायोग नाही. पावली कुठं द्यायची?"

"मी बेळ्ळंदूरहून दोन बस बदलून आलेय," बाई शांतपणे म्हणाल्या. "आधी स्वल्प पाणी द्याल का?"

नागराजनं पाणी दिलं आणि ओशाळून घडलेलं सगळं सांगितलं, शेवटी निरोपही ऐकवला. बाईंनी तो एकदाच ऐकला.

"अण्णम्मा पावली, म्हणतायत. मॅजेस्टिकच्या बस स्टँडजवळची अण्णम्मा देवी. नवस फेडायला गेल्या असतील. आज मंगळवार, गर्दी असेल. दम लागला असेल त्यांना."

नागराज बेंगळुरात नवा होता. भगवंतराव जन्मापासून त्या देवळावरून जात-येत होते. खोलीत कोणीच कोणाकडे पाहिलं नाही.

"मीही याच निष्कर्षाला येत होतो," भगवंतराव म्हणाले. "आपलं काम?"

"आमच्या इमारतीत गच्चीवरून माझ्या चादरी नाहीशा होतात. तुमच्या जाहिरातीतल्या नंबरावर सकाळी फोन केला, तो तुमच्या आईंनी घेतला. म्हणाल्या, या, तो घरीच असतो." बाईंनी पेला खाली ठेवला. "पण राहू दे. माझ्या चादरी मीच शोधते."

त्या गेल्या. रत्नाबाई आल्या तेव्हा ऊन कललं होतं. कपाळभर कुंकू, हातात नारळाचा प्रसाद, चेहऱ्यावर वर्षानुवर्षांचं ओझं उतरल्यासारखी कळा.

"फोन बंद पडला रे माझा. निरोप मिळाला ना? देवीला म्हटलं होतं, माझ्या लेकाला एक तरी गिऱ्हाईक दे. आज सकाळी बाईचा फोन आला, तशीच धावले. आली होती का ती? केस काय होती?"

"आई, केस इथं आल्या आल्या सुटली," भगवंतराव म्हणाले.

रत्नाबाईंनी नागराजकडे पाहिलं. नागराजला खोटं बोलायचं होतं, पण जमलं नाही.

"आमची केस सुटली, आई. त्या बाईंनी सोडवली."

रत्नाबाईंनी प्रसाद टेबलावर ठेवला, पदरानं कपाळाचा घाम टिपला आणि पुन्हा चपला घातल्या.

"आता कुठं निघालीस?" भगवंतरावांनी विचारलं.

"मॅजेस्टिकला. नवस बदलून येते."