इंद्रकुमार सरांचं सलाईन

कुडव्याच्या इंद्रकुमार सरांकडे एम.एस्सी. नर्सिंगची पदवी होती, खासगी कॉलेजात लेक्चररची खुर्ची होती आणि पगार असा होता की कुणी विचारलाच तर ते त्याला आधी चहा पाजत आणि मग विषय बदलत. त्यांच्याच हाताखाली कशीबशी पास झालेली खुशबू गोंदियाच्या एका दवाखान्यात नर्सिंग इन्चार्ज झाली आणि नव्या कारमधून पेढे घेऊन आली, त्या दिवशी सरांच्या बायकोचा, मंजूचा, संयम सुटला.

“तुमी शिकवलेल्या पोरी कार घेऊन राहिल्या, अन् आपली गाडी ढकलल्याबिगर सुरू होत नाही. तुमी काऊन नाही करत दवाखान्यात नोकरी?”

“मले लोक सर म्हणतात, मंजू.”

“मीबी सरच म्हणीन. पण जाऊन तं पाहा!”

सर गेले. मुलाखत घ्यायला खुशबूच होती. सर आत येताच ती सवयीनं उठून उभी राहिली आणि सरही सवयीनं “सिट डाउन” म्हणून गेले. नोकरी मागायला आपण आलोय हे आठवल्यावर त्यांना फार ओशाळल्यासारखं झालं.

“सर, फक्त एक सलाईन लावून दाखवा. सगळ्यांनाच लावायला सांगतो आम्ही.”

खाटेवर सौंदडचे पेशंट उदाराम पडले होते. सरांनी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा आवळला, शीर चाचपली आणि सुई पहिल्याच झटक्यात आत गेली. आता पट्टा सोडायचा आणि सलाईन सुरू करायचं, एवढंच उरलं होतं. पण सरांची सगळी हयात कॉलेजातल्या प्लास्टिकच्या पुतळ्याला सुया टोचण्यात गेलेली. पुतळ्याचा पट्टा तासभर तसाच राहिला तरी पुतळा हूं की चूं करत नाही. वर्गात फळ्याकडे वळावं तसे सर समोरच्या भिंतीकडे वळले आणि शिरेचे थर समजावून सांगू लागले. मागे नळीत रक्त चढत होतं.

“अजी, माहा हात निळा पडून राहिला,” उदाराम म्हणाले.

“शाब्बास! यालाच सायनोसिस म्हणतात. लिहून घ्या.”

“कायनं लिहू? लिहाचा हात तं तूच बांधून ठेवला ना बाप्पा!”

खुशबूनं धावत येऊन पट्टा सोडला. वॉर्डातल्या नर्सा तोंडाला रुमाल लावून हसत होत्या. सरांना स्वतःचीच लाज वाटली. आपण इतकी वर्षं पुतळ्यावर शिकवलं की पुतळ्याकडून शिकलो, हेच त्यांना कळेना.

“येतो मी, खुशबू. माह्यासारख्याले पेशंटजवळ उभं करू नोको.”

“सर, स्टाफ नर्स म्हणून तर नाही घेता येणार,” खुशबू चाचरत म्हणाली. “पण ट्रेनी म्हणून घेते. सहा महिने माझ्या हाताखाली राहावं लागेल.”

आता मात्र सरांचा स्वाभिमान उसळला. एम.एस्सी. झालेला लेक्चरर आणि ट्रेनी? तेही हिच्या हाताखाली? ते तडक दारापर्यंत गेले. तिथं थांबून, निव्वळ माहिती असावी म्हणून, त्यांनी ट्रेनीचा पगार विचारला. खुशबूनं सांगितला.

कॉलेजपेक्षा चार हजारांनी जास्त होता.

सर परत आले आणि शर्टाच्या बाह्या दुमडू लागले. “ड्यूटी उद्यापासून, की आताच सुरू करू, मॅडम?”