उंद्रीची कापडी वही

"शिवणयंत्र उंद्रीलेच येते, मी सांगून राह्यली!" कोकिळेनं महिला मंडळापुढं छातीठोकपणे जाहीर केलं, तेव्हा एकीलाही शंका आली नाही. यावी तरी कशी? कोकिळा म्हणजे मास्तरांची बायको, सातवी शिकलेली, वर चिखलीच्या शिबिरात कापडी वह्या करायला शिकून आलेली. महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, गावोगाव महिला मंडळं निघाली होती. देऊळगाव राजाच्या प्रदर्शनात ज्या मंडळाची वस्तू सरस ठरेल, त्याला पायानं चालवायचं नवंकोरं शिवणयंत्र मिळणार होतं. अख्ख्या उंद्रीत यंत्र एकच, ते शिंप्याचं, आणि तो बायकांना त्याच्या चाकालाही हात लावू देत नसे.

बेत साधा होता. एक कापडी वही करायची आणि तिला जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांचं कव्हर चढवायचं. त्यावर तानुबाईनं आरसे बसवायचे, भिमाबाईनं मोर भरायचे, आणि शिलाई रुखमाबाईची. आता रुखमाबाईबद्दल काय सांगावं! वाकळ, म्हणजे आपली गोधडी, शिवावी तर तिनंच. तिची वाकळ आजीच्या अंगावरून नातवाच्या अंगावर यायची, पण टाका म्हणून निसटत नसे.

नेमकं ऐन वेळी कोकिळेला हिवतापानं धरलं. दातावर दात वाजत असताना तिनं पानांचा गठ्ठा रुखमाबाईच्या हवाली केला.

"कव्हर चढवा अन् शिवून टाका, रुखमामाय. एकबी पान सुटलं नाही पाहिजे."

"तू निजून राह्य वं पोरी. माह्या हातचं आजवर काही सुटलं हाय का?"

प्रदर्शनाच्या दिवशी कोकिळा कशीबशी उठून मंडळासोबत एस.टी.त बसली. वही रुखमाबाईच्या मांडीवर, जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळलेली.

"दाखवा तरी," कोकिळा म्हणाली.

"नाही. नव्या वाकळीची घडी रस्त्यात मोडत नसतात."

"अवं, पण हे वाकळ नोहे, वही हाय."

"शिवली तं मीच ना?"

सातवी शिकलेल्या कोकिळेनं धडप्याचं धरलेलं टोक सोडून दिलं. मग ती खिडकीबाहेर पाहू लागली.

मांडवात टेबलावर धडपं सुटलं आणि कोकिळा आपलं दुखणं विसरली. तांदळाच्या दाण्याएवढे टाके ओळीनं निघाले होते, काठाशी वळत होते, पुन्हा मधे येत होते. आरसे असे बसवलेले की बघणारीला आपलंच तोंड बारा ठिकाणी दिसावं. भिमाबाईच्या एका मोरानं तर मान वळवून सरळ कोकिळेकडंच पाहिलं. शेजारच्या गावच्या बाया आपापली टेबलं सोडून भोवती जमल्या. कोकिळेचे डोळे भरून आले. हे आपल्या मंडळानं केलं, यावर तिचा विश्वासच बसेना.

मग तिनं वही उघडायला घेतली. उघडेना. तिनं उलटी करून पाहिली. तिकडूनही उघडेना. चारी बाजूंनी फिरवून पाहिली, तेव्हा कुठं तिच्या लक्षात आलं. टाके वरच्या कापडातून शिरून, सगळ्या पानांतून आरपार, खालच्या कापडाला बाहेर पडले होते.

"रुखमामाय, हे उघडत काऊन नाही?"

"कसं उघडंल? आतलं भरण हालू नये म्हणून आरपार टाके घातले. जोडे शिवणाऱ्या कचरूची आरी आणून एकेक भोक पाडलं. बोटं फुटले माह्ये."

बरोबरच होतं. वाकळीच्या आत जे घालतात ते भरण, ते कोण कशाला उघडून बघतं? जमीन दुभंगावी असं कोकिळेला वाटलं. त्याऐवजी समोर नंबर काढायला आलेले पाहुणे उभे राहिले. उत्तमराव, डोक्याला फेटा, खिशाला पेन.

उत्तमरावांनी वही हातात घेतली आणि ते पाहतच राहिले. मोरावरून बोट फिरवलं, टाके मोजायला गेले, मोजणं सोडून दिलं. मग वहीतच अभिप्राय लिहायला त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"उघडते कुठून?"

"उघडाची काऊन जी?" रुखमाबाई म्हणाली. "आठवडा लागला बंद कराले."

उत्तमरावांनी वही ओढून पाहिली. मग एका बाजूनं ते आणि दुसऱ्या बाजूनं त्यांचा शिपाई शेषराव असे दोघं लागले. उत्तमरावांचे कान लाल झाले, फेटा सुटला, टाका मात्र जागचा हलला नाही. शेवटी त्यांनी वही अलगद टेबलावर ठेवली आणि तिला हात जोडले.

संध्याकाळी निकाल लागला. पहिला नंबर उंद्री! कोकिळेनं तानुबाईचा हात घट्ट धरला. यंत्र कुठं ठेवायचं हेसुद्धा तिनं तेवढ्यात ठरवून टाकलं.

"असा टाका मी जन्मात पाहिला नाही," उत्तमराव भारावून बोलत होते. "ज्यांच्या बोटांत ही ताकद आहे, त्यांना यंत्र देणं म्हणजे त्या बोटांचा अपमान आहे. तो मी करणार नाही. यंत्र दुसऱ्या नंबरला द्या. उंद्रीला माझ्यातर्फे खास बक्षीस!"

टाळ्यांनी मांडव दणाणला. खास बक्षीस निघालं एक जाडजूड कोरी वही.

परतीच्या एस.टी.त कोकिळा ती मांडीवर घेऊन बसली होती. रुखमाबाईनं वही उचलली, पानं भर्रकन सोडून पाहिली, चिमटीत धरून जाडी जोखली.

"चांगली हाय," ती म्हणाली, "पण लय मोकळी हाय वं." आणि तिनं पोलक्याला टोचलेली सुई काढली.